धार राखणारा हात

१७६९ साली पॅरिसमध्ये एक पुस्तक निघाले. लेखक झाँ-झाक पेरे हा साहित्यिक नव्हता. सुऱ्या, कात्र्या आणि वस्तरे घडवणे हा त्याचा व्यवसाय. पुस्तकाला त्याने ‘पोगोनोतोमी’ असे भारदस्त नाव दिले आणि त्याखाली विषय सरळ सांगून टाकला : स्वतःची दाढी स्वतः करायला शिकण्याची कला. वस्तरा कसा पारखावा, दगडावर त्याला धार कशी लावावी, पट्ट्यावर तो कसा फिरवावा, चेहऱ्यावर कसा चालवावा, हे सगळे त्याने सामान्य माणसासाठी लिहिले. नवख्यांसाठी एक युक्तीही सुचवली. सुताराच्या रंध्यात पाते लाकडातून जेमतेम डोकावते, म्हणून ते फळीत खोल रुतत नाही. तसेच लाकडी आवरण वस्तऱ्याला बसवले, तर धार कातडीत शिरणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

पेरेच्या शंभरेक वर्षे आधी लंडनमध्ये एका माणसाने ही कला पुस्तकावाचून शिकायला घेतली होती. सॅम्युअल पेपिस हा नौदलाच्या कचेरीतला अधिकारी रोजनिशीसाठी प्रसिद्ध आहे. आधी काही काळ त्याने सच्छिद्र प्यूमिस दगडाने दाढी घासून काढण्याचा प्रयोग केला. मग जानेवारी १६६४ मध्ये त्याने वस्तरा हातात घेतला. हे सोपे जाते आहे, वेळ वाचतो, पैसाही वाचतो आणि मन प्रसन्न होते, अशी नोंद त्याने त्या दिवशी केली.

वस्तऱ्याने दाढी म्हटले की आज बहुतेकांच्या मनात पहिली येते ती भीती. उघडे पाते, गळ्याजवळची कोवळी कातडी आणि थरथरणारा हात. ती भीती खोटी नाही, पण काही आठवड्यांच्या सरावाने ती ओसरते. वस्तऱ्याची खरी कसोटी दाढी उरकल्यानंतर सुरू होते. एकदा चेहऱ्यावरून फिरलेली धार पहिल्यासारखी राहत नाही. ती रोज सावरावी लागते आणि काही आठवड्यांनी नव्याने घडवावी लागते. वस्तरा चालवायला शिकणे हा अभ्यासाचा अर्धा भाग. उरलेला, आणि अधिक अवघड, अर्धा भाग म्हणजे धार राखायला शिकणे.

गावगाड्यातला वस्तरा

महाराष्ट्रात हा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या एका समाजाने जपला. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर गावाची हजामत करायची आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावरून धान्याच्या रूपाने बलुते घ्यायचे, अशी रीत होती. त्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, चिमटा, नखे काढायची नराणी, वाटी, आरसा आणि धार लावायचे सामान असे. मुलगा बापाशेजारी बसून हे सारे शिके. आधी दगड आणि पट्टा, मग वस्तरा. गिऱ्हाइकाच्या गालापर्यंत त्याचा हात पोहोचायचा तो धार ओळखता यायला लागल्यावरच.

बाकीच्या गावाला वस्तरा हाताळता येत नव्हता, त्यामुळे वस्तरा धरणाऱ्याच्या नकाराला वजन होते. १८९० मध्ये ते दिसले. विधवांच्या केशवपनाची क्रूर चाल न्हाव्याच्या वस्तऱ्यावाचून चालणे शक्य नव्हते. सत्यशोधक चळवळीतले कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हावी मंडळींची सभा भरली आणि यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा निर्धार तिथे झाला. कौशल्य ज्यांच्या हाती होते, त्यांनीच ते अन्यायाच्या कामी द्यायचे नाकारले. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात वस्तऱ्याची याहून मोठी नोंद नसेल.

स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय भारतात शिक्षित वर्गातल्या काही लोकांनी परदेशातून आणली. महात्मा गांधी १८८८ ते १८९१ या काळात लंडनमध्ये कायदा शिकत होते. आत्मकथेत त्यांनी लिहिले आहे की विलायतेला जाणारा प्रत्येक जण निदान दाढी करण्याची कला तरी तिथे शिकतोच. केस कापायला मात्र कोणी शिकत नाही. पुढे दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापायचे नाकारले, तेव्हा त्यांनी यंत्र विकत घेऊन आरशासमोर स्वतःचे केसही कापले. गांधींच्या विद्यार्थिदशेत विलायतेत शिकायची दाढी म्हणजे मुख्यतः उघड्या वस्तऱ्याचीच दाढी.

पोलादाची गोष्ट

चांगला वस्तरा होण्यासाठी पोलादाला दोन गुण एकाच वेळी लागतात. ते इतके कठीण हवे की बारीक धार टिकेल, आणि इतके एकजीव हवे की धारेत कुठे कच्चा कण राहणार नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपात असे पोलाद भरवशाने मिळत नव्हते. लोखंडाच्या पट्ट्या कोळशात भाजून त्यांत कार्बन मुरवत. पण तो वरच्या थरात जास्त आणि आत कमी असा असमान मुरे.

बेंजामिन हंट्समन हा इंग्लंडमधला घड्याळजी. त्याला घड्याळाच्या स्प्रिंगसाठी चांगले पोलाद हवे होते. १७४० च्या दशकात शेफिल्डजवळ त्याने असे भाजलेले पोलाद बंद मुशीत पूर्ण वितळवण्याची पद्धत बसवली. वितळल्यामुळे कार्बन सगळीकडे सारखा पसरला आणि मळी वर तरंगून वेगळी झाली. शेफिल्डच्या कारागिरांना हे पोलाद सुरुवातीला फार कठीण वाटले आणि त्यांनी ते नाकारले. हंट्समनने ते फ्रान्सला विकले. तिथून उत्तम सुऱ्या आणि वस्तरे इंग्लंडच्या बाजारात येऊ लागले, तेव्हा शेफिल्डला जाग आली. पुढची दीडशे वर्षे जगातले अनेक नामांकित वस्तरे त्याच गावातून निघाले.

या गोष्टीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. दक्षिण भारतात मुशीत पोलाद वितळवण्याची परंपरा युरोपच्या कित्येक शतके आधीपासून होती. त्या पोलादाला युरोपीय लोक ‘वूट्झ’ म्हणत. मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर शोधनिबंध वाचला आणि हे पोलाद मुंबईत बनते असे शीर्षकातच लिहून टाकले. वूट्झची खरी भूमी दख्खन आणि त्याच्या दक्षिणेकडचा प्रदेश. मुंबई हे फक्त ते रवाना झाले ते बंदर.

लंडनचा शस्त्रकारागीर जेम्स स्टोडार्ट या पोलादाच्या प्रेमात पडला. बारीक धारेच्या हत्यारांसाठी तो त्याची शिफारस करू लागला. पुढे तरुण मायकेल फॅरेडेला हाताशी धरून त्याने १८१८ ते १८२२ या काळात पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे धातू मिसळून पाहिले. विजेच्या संशोधनासाठी ओळखला जाणारा फॅरेडे त्या दिवसांत मिश्रपोलादाचे वस्तरे बनवून मित्रांना भेट देत असे. शेफिल्डच्या कारखानदारांनी या प्रयोगांची हवा धरली आणि ‘सिल्व्हर स्टील’ अशी अक्षरे वस्तऱ्यांवर कोरायला सुरुवात केली. जुन्या बाजारात तसे वस्तरे आजही सापडतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या झोलिंगेनने बाजी मारली. तिथल्या कारागिरांनी पात्याच्या दोन्ही बाजू गोल सहाणेवर आतून कोरून काढल्या. पाठ जाड राहिली, मधला भाग पातळ झाला. असे पाते दगडावर लवकर धार धरते, केसावर किंचित लवते आणि दाढी करताना बारीक आवाज करते. सरावलेला माणूस त्या आवाजावरून कोन बरोबर आहे की नाही ते ओळखतो. ‘झोलिंगेन’ हे नाव फक्त त्या भागात बनलेल्या पात्यांवरच घालता येईल, असे जर्मनीत १९३८ पासून कायद्यानेच ठरलेले आहे.

जिलेटने नेमके काय काढून टाकले

पेरेच्या लाकडी आवरणानंतर सुरक्षित वस्तऱ्याच्या कल्पना अनेकांनी लढवल्या. अमेरिकेत काम्फे बंधूंनी १८८० मध्ये पात्यापुढे जाळीदार आड असलेल्या वस्तऱ्याचे पेटंट घेतले. तो चेहरा कापत नव्हता, पण त्याचे छोटे पाते जुन्या वस्तऱ्याच्या पात्यासारखेच घडवलेले होते. ते काढायचे, पट्ट्यावर फिरवायचे आणि वेळ आली की दगडावर लावायचे, हे सगळे होतेच. त्यामुळे भीती गेली तरी उघडा वस्तरा घराघरांत टिकून राहिला.

किंग कँप जिलेट हा फिरता विक्रेता. १८९५ मध्ये एका सकाळी त्याचा वस्तरा बोथट निघाला. त्याच्याच सांगण्यानुसार धार इतकी गेली होती की पट्ट्याने भागणार नव्हते. दगड लावायला तो न्हाव्याकडे किंवा शस्त्रकारागिराकडे न्यावा लागणार होता. त्या वैतागात त्याला सुचले की पातळ पत्र्याचे पाते करावे, वापरावे आणि फेकून द्यावे. कल्पना सुचायला क्षण लागला, पण इतक्या पातळ पत्र्याला कठीण करून धार लावता येणार नाही, असे जाणकारांचे मत होते. विल्यम निकर्सन या अभियंत्याने ते यंत्राने करून दाखवले. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी कंपनीचे ५१ वस्तरे आणि १६८ पाती खपली. १९०४ मध्ये पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख जिलेट वस्तरे आणि ३ कोटी २० लाख पाती मागवली. खंदकात धारेचा दगड घेऊन कोण बसणार?

सैनिक घरी परतले ते नव्या सवयीसह. एका पिढीत धार लावण्याची विद्या घरातून गेली. जिलेटने माणसाला वस्तऱ्याच्या भीतीतून सोडवले असे म्हटले जाते. खरे पाहता त्याने दगड आणि पट्टा काढून टाकला. म्हणून आज जो कोणी वस्तऱ्याकडे वळतो, त्याला मुख्यतः तेच परत शिकावे लागते.

पट्टा आणि दगड

शिकणाऱ्याने वस्तरा घेताना रुंदी पाहावी. ती इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. पाच अष्टमांश किंवा सहा अष्टमांश, म्हणजे १६ ते १९ मिलिमीटर रुंदीचे पाते नवख्या हाताला बरे. नाकाखाली फार रुंद पाते वळवता येत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पहिली धार जाणकाराने लावलेली असावी. कारखान्यातून आलेले अनेक नवे वस्तरे थेट दाढीच्या लायकीचे नसतात. चांगली धार गालावर कशी लागते हे एकदा कळले, की पुढे आपली धार कुठे कमी पडते ते ओळखता येते. ते कळण्याआधीच दगड हातात घेणारा अंधारात चाचपडतो.

दाढीच्या आधी रोज पट्टा. एका टोकाला कडी असलेली, दोन थरांची ही पट्टी असते. एक थर जाड कापडाचा, दुसरा चामड्याचा. कडी भिंतीवरच्या हुकात अडकवायची आणि दुसरे टोक हाताने ताणून धरायचे. आधी कापडावर, मग चामड्यावर वस्तरा फिरवायचा. इथे एकच नियम प्राणासारखा पाळावा लागतो : पाठ पुढे, धार मागे. टोकाशी पोहोचल्यावर वस्तरा उचलायचा नाही. पाठ पट्ट्यावर टेकलेलीच ठेवून पाते पाठीवरून उलटवायचे आणि परत ओढायचे. धारेवरून उलटवले तर पट्टा कापला जातो आणि धारही मरते. पट्टा ढिला सोडला किंवा हात दाबला, तर धारेचे टोक गोल होते. घाई तर मुळीच नको. सावकाश, सारखा वेग आणि केवळ पात्याचे वजन. असे तीस-चाळीस हात मारले, की आदल्या दिवशी वाकलेली धार पुन्हा सरळ रेषेत येते.

दगडाचे काम याहून खोल. वस्तऱ्याच्या घडणीतली सगळ्यात सुंदर बाब इथे कळते. दगडावर वस्तरा पूर्ण आडवा ठेवतात. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात. म्हणजे कोन हाताने सांभाळावा लागत नाही, तो वस्तऱ्याच्या अंगातच असतो. समजा, पाठ साडेपाच मिलिमीटर जाड आहे आणि पाठीपासून धारेपर्यंत अंतर १९ मिलिमीटर आहे. हिशेब केला तर दोन्ही बाजू मिळून धारेचा कोन साधारण साडेसोळा अंश येतो. दगडावर पाठही धारेबरोबर थोडी थोडी झिजते, त्यामुळे कोनात फार फरक पडत नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी ही भूमिती पोलादातच बांधून ठेवली आहे.

पट्ट्यावर धार मागे असते, दगडावर ती पुढे असते. दगडावर पाणी टाकायचे, पाते वजनाइतकेच टेकवायचे आणि तिरक्या रेषेत पुढे न्यायचे, म्हणजे टाचेपासून टोकापर्यंत सगळी धार दगडावरून जाते. गेलेली धार नव्याने बांधायची असेल तर १००० क्रमांकाच्या दगडापासून सुरुवात होते. मग ४०००, ८००० आणि शेवटी १२०००. क्रमांक वाढेल तसे कण बारीक होत जातात; प्रत्येक दगड आधीच्या दगडाचे ओरखडे पुसून स्वतःचे त्याहून बारीक ओरखडे ठेवतो. रोजच्या वापरातला वस्तरा थकला तर मात्र शेवटचा बारीक दगड पुरतो.

कृत्रिम दगड येण्यापूर्वी ही कामे खाणींतल्या दगडांवर चालत. बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर कोटिक्यूल दगड त्यातला सगळ्यात नावाजलेला. त्यात गार्नेट खनिजाचे अतिसूक्ष्म कण दाटीने भरलेले असतात आणि तेच पोलाद घासतात. जपानमध्ये क्योटोजवळच्या डोंगरांतले दगड याच कामासाठी प्रसिद्ध झाले. जपानी वस्तरा ‘कामिसोरी’ हा मुळात बौद्ध भिक्षूंच्या मुंडनाच्या गरजेतून घडलेला. त्याची मूठ घडीची नसून एकाच दांड्याची असते आणि पात्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. त्यामुळे दगडावरही दोन्ही बाजूंना सारखे हात मारत नाहीत.

चेहऱ्यावर

धार झाली की चेहरा. दाढीचा केस कोरडा असताना कडक असतो. त्यातल्या केराटिन या प्रथिनाचे धागे हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात; पाणी आत शिरले की ते बंध सैल होतात, केस फुगतो आणि मऊ पडतो. यासाठी दोन-तीन मिनिटे तरी लागतात. अंघोळीनंतर लगेच दाढी करावी किंवा गरम पाण्यात पिळलेला टॉवेल चेहऱ्यावर ठेवावा, असे जुने न्हावी सांगतात ते याचसाठी. मग ब्रशने दाट, ओला फेस. फेस सुकू लागला तर पुन्हा लावायचा. सुक्या कातडीवर वस्तरा अडकतो.

वस्तरा धरण्याची पद्धत प्रथम अवघड वाटते. मूठ पात्याच्या रेषेत न ठेवता वर उघडून ठेवायची. पाते आणि मूठ यांच्यामधल्या पोलादी दांडीवर वरून तीन बोटे, खालून अंगठा, आणि मागे निघालेल्या बारीक शेपटीवर करंगळी. पाचही बोटांना काम असते, म्हणून पकड घट्ट आवळण्याची गरज पडत नाही. आवळलेल्या हाताला धार कळत नाही.

कोन साधारण तीस अंशांचा. पाठ गालापासून दोन पाठींच्या जाडीइतकी वर उचलली, की तो जवळजवळ बरोबर येतो. पाते फार आडवे झाले तर केस कापला न जाता ओढला जातो. फार उभे झाले तर कातडी खरवडली जाते. दुसरा हात रिकामा नसतोच. तो कातडी ताणून धरतो, आणि दाढी गुळगुळीत होणे निम्मे तरी त्याच्यावर अवलंबून असते. ढिल्या कातडीत पात्यापुढे वळी उठते आणि धार त्या वळीला लागते. डाव्या गालावर उजवा हात डोळ्यांच्या आड येतो, म्हणून पुष्कळ जण डाव्या बाजूसाठी वस्तरा डाव्या हातात घ्यायला शिकतात. काही आठवडे तो हात बावरतो, मग रुळतो.

सगळ्यात मोठा धोका एकाच हालचालीत आहे : धारेच्या रेषेत, आडवे सरकणे. वस्तरा केसांवरून खाली किंवा वर जातो तेव्हा तो केस कापतो. तोच सुरीसारखा आडवा सरकला, तर कातडी क्षणात चिरतो आणि दुखायच्या आधी रक्त दिसते. म्हणून पाते चेहऱ्यावर असताना थांबायचे, वळायचे किंवा बोलायचे नाही. उचलायचे, मग हात बदलायचा.

नवख्याने चेहरा हप्त्याहप्त्याने घ्यावा. पहिले काही दिवस फक्त कल्ल्याखालचे गाल, तेही केसांच्या दिशेने. उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने. गाल सपाट आणि ताणायला सोपे. मग जबड्याच्या कडेवरून गळ्याकडे. गळ्यावर केसांची दिशा जागोजागी बदलते, म्हणून एका दिवसाची वाढ राखून बोटे फिरवून ती आधी नीट ओळखावी. सगळ्यात शेवटी वरचा ओठ आणि हनुवटी. हनुवटीवर केस दाट, कातडी गोल आणि ताणायला जागा कमी. तिथे छोटे छोटे हात लागतात. सुलटा हात सवयीचा होईपर्यंत उलटा हात, म्हणजे केसांच्या विरुद्ध दिशेने, मारू नये. न्हावीकाम शिकवणाऱ्या अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांना आधी फेस लावलेल्या फुग्यावर वस्तरा चालवायला देतात. फुगा फुटला की दाब जास्त होता हे सांगायला शिक्षक लागत नाही.

दाढी संपली की थंड पाणी आणि तुरटी. ओल्या कातडीवर तुरटी फिरवली की बारीक जखमांतले रक्त थांबते; महाराष्ट्रातल्या सलूनमध्ये ही रीत अजून चालू आहे. ती शिकणाऱ्याला आणखी एक गोष्ट सांगते : जिथे झोंबते, तिथे हात जड पडला. शेवटी वस्तरा कोरडा पुसायचा. पारंपरिक वस्तऱ्याचे कार्बन पोलाद गंजते. कोकणात किंवा पावसाळ्यात तर एका रात्रीत धारेवर डाग पडतो. म्हणून तेलाचा हलका हात देऊन, बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी तो ठेवावा.

केस पोलादाला कसा हरवतो

इतके मऊ केस इतक्या कठीण पोलादाला बोथट का करतात, हा प्रश्न बरीच वर्षे कोणी नीट तपासला नव्हता. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जानलूका रोचोली आणि जेम तासान यांच्या गटाने तो हाती घेतला. रोचोलीने स्वतःची दाढी करून पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, आणि मग त्या सूक्ष्मदर्शकाच्या आतच एकेक केस कापून धारेचे काय होते ते टिपले. २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केस पात्याच्या पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरीही धारेचा बारीक तुकडा उडतो. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : केस वाकून धारेला तिरका भिडला पाहिजे, पोलादाची सूक्ष्म रचना त्या जागी असमान असली पाहिजे, आणि केसाची कड नेमक्या त्या कच्च्या जागेवर पडली पाहिजे.

हे प्रयोग फेकून द्यायच्या रेझरच्या पात्यांवर झाले. पण त्यांत हंट्समनच्या मुशीचे महत्त्व नव्याने कळते. पोलाद जितके एकजीव, तितक्या कच्च्या जागा कमी आणि धार तितकी टिकाऊ. एकोणिसाव्या शतकातल्या श्रीमंत घरांत सात वस्तऱ्यांच्या पेट्या असत. प्रत्येकाच्या पाठीवर आठवड्याच्या एका वाराचे नाव. एका धारेवर रोजचा भार पडू नये, ही त्यामागची समजूत.

आज वस्तरा घेताना

मुंबई-पुण्यातल्या किंवा गावाकडच्या सलूनमध्ये आज दिसतो तो वस्तरा आकाराने जुन्यासारखाच, पण त्याची धार उसनी आहे. कारागीर दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो, अर्धे ब्लेड खाचेत बसवतो आणि दाढीनंतर ते टाकून देतो. हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात हे लोकांना कळल्यावर ही पद्धत सर्वत्र रुजली, आणि एकामागून एक अनेक गिऱ्हाइके येणाऱ्या खुर्चीसाठी तीच योग्य आहे. कोन, ताण आणि हलका हात शिकायचा असेल, तर असा वस्तरा उत्तम आणि स्वस्त शिक्षक ठरतो. फक्त अर्धे ब्लेड लवत नाही आणि चुकीला माफी देत नाही, हे ध्यानात ठेवावे. मात्र पट्टा आणि दगड शिकायचा, तर अखंड पोलादाचाच वस्तरा लागतो. आणि तो एकाच माणसाने वापरायचा असतो.

नवे वस्तरे आजही बनतात. झोलिंगेनमध्ये १९०६ पासूनची डोवो, फ्रान्समधल्या तिएर गावात १८८४ पासूनची तिएर-इसार या त्यांतल्या जुन्या कंपन्या. जुना वस्तरा घ्यायचा असेल, तर पारख वेगळी. पाते उजेडात धरून केसाएवढी भेगही नाही ना ते पाहावे. धार मध्येच आत गेलेली नसावी. ती सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली चालते. मुठीच्या खिळ्याजवळचा गंज साफ होतो, धारेजवळचे गंजाचे खड्डे सहसा जात नाहीत. पात्याच्या बुडाशी कोरलेली अक्षरे वय सांगायला मदत करतात. अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचे नाव हवे, असा नियम तिथल्या १८९० च्या जकात कायद्याने केला आणि तो १८९१ मध्ये लागू झाला. त्यामुळे निर्यातीच्या ज्या वस्तऱ्यावर नुसते ‘शेफिल्ड’ आहे आणि ‘इंग्लंड’ नाही, तो बहुधा त्याआधीचा असतो. अशा वस्तऱ्याच्या पाठीवरची झीज दोन्ही बाजूंना सारखी असेल, तर १००० च्या दगडापासून चढत जाऊन त्याला पुन्हा दाढीची धार लावता येते.